जुन्या थिएटरची फळी

"आमची फळी कुठंय, मॅडम?" विंगेत चपला काढून अनसूयाबाई नव्या नाट्यगृहाच्या लाकडी स्टेजवर आल्या. पाडलेल्या जुन्या थिएटरात त्या तीस वर्षं लावणी नाचल्या. फळीच्या पाया पडल्याशिवाय कधीच नाही.

जुनं सागवान नव्या स्टेजमध्ये बसवायचा शब्द आर्किटेक्ट म्हणून मीच दिला होता. पाडकामाआधी त्या फळ्या वेगळ्या काढण्यासाठी खडूनं खूण करायला मी विसरले. त्या कुणाच्या तरी बंबात जळाल्या.

मी मधली गुळगुळीत फळी दाखवली. "ही."

बाईंनी तिच्यावरून तळवा फिरवला. "माझ्या टाचेचा खळगा बुजवलात व्हय? कळतसुद्धा नाही!"

कपाळ टेकून त्यांनी विंगेत हाक मारली. "पोरींनो, या गं. माझी फळी हीच."

बारा मुली ओळीनं वाकल्या. मी बूट काढले आणि हातात धरून उभी राहिले.