दिवस मावळायच्या आत

त्रिशलाला बघायला निपाणीचे पाहुणे चांगलेच उशिरा आले आणि तिच्या वडिलांचा, आण्णाप्पांचा, बेत तिथंच फसला. धाकट्या भावाला, पद्मराजला, त्यांनी सकाळीच मळ्यात धाडलं होतं. पाहुणे सदलग्यातून गेल्यावरच त्याला घरी आणायचं, असं ठरलं होतं. पद्मराजला स्किझोफ्रेनिया होता. कित्येक वर्षं गोळ्यांवर त्याचं छान चाललं होतं. ऊस तोच बघायचा, गल्लीतली भांडणंही तोच मिटवायचा. पण आजार रक्तातून उतरतो म्हणत एक स्थळ परत गेलं होतं. आण्णाप्पांनी धसका घेतला होता.

त्यांनी सगळा विचार केला. विसरले एवढंच, की जैनाच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवतात आणि ते पद्मराजलाही ठाऊक आहे.

पाहुणे गाडी देवळापाशी लावून चालत आले होते. गल्ली अरुंद आहे म्हणे! या गल्लीतून उसाचा ट्रॅक्टर जातो. आता ते जेवायलाही बसेनात आणि उठेनातही. मुलगा, सन्मती, सारखा खिडकीबाहेर बघत होता. त्रिशलाला त्याचा रागच आला. रागाचं कारण उघड होतं, मुलगा तिला आवडला होता.

तेवढ्यात मागच्या दारानं पद्मराज आला. हातपाय धुऊन थेट पाटावर बसला.

"वैनी, वाढा बिगीबिगी. जेवून गोळी घ्यायची हाय."

"कसली गोळी?" सन्मतीच्या वडिलांनी विचारलं.

"बीपीची," आण्णाप्पा घाईनं म्हणाले.

"बीपीची न्हाय, आप्पा." त्रिशला पुढं आली. "काकाला स्किझोफ्रेनिया हाय. बेळगावच्या डॉक्टरांना मी इचारलंय. रक्तातनं धोका थोडा वाढतोय, पण पुतणीला व्हतोयच असं न्हाय. लई जणांना कधीच व्हत न्हाय. पण लपवून मला लगीन करायचं न्हाय."

आण्णाप्पांनी कपाळाला हात लावला. सन्मतीच्या आईनं नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्यानं आढ्याकडे. सन्मती मात्र उठला आणि त्यानं पायात चपला सरकवल्या. संपलं सगळं, त्रिशलाच्या डोळ्यांत पाणी आलं.

उंबऱ्यावर तो वळला. एवढ्या वेळात पहिल्यांदाच मोकळं हसला.

"काकू, आणि एक ताट वाढा. आत्या गाडीत बसलीय. तिचीबी असलीच गोळी हाय, आन तीबी दिवस मावळल्यावर जेवत न्हाय."