कचरा

आमच्या वेब डेव्हलपर ग्रुपची सांघिक वादविवाद स्पर्धा यंदा मी भरवली. विषय होता, 'जुना कोड ठेवावा की फेकून द्यावा?' माझ्या जुन्या साहेबांना मी त्यांच्या ऑफिसातल्या सगळ्यांसह आग्रहाने बोलावलं आणि 'ठेवावा' म्हणणाऱ्या संघाचं प्रमुख केलं. उदाहरण म्हणून पडद्यावर एक कोड लावला, लिहिणाऱ्याचं नाव न सांगता. तो माझा होता. 'हा कचरा आहे' असं चारचौघांत सुनावून साहेबांनी त्याच कोडापायी मला नोकरीवरून काढलं होतं.

साहेब दहा मिनिटं बोलले. एकेका ओळीचं तोंड भरून कौतुक केलं आणि संघाला जिंकून दिलं.

टाळ्या ओसरल्यावर मी स्टेजवर त्यांच्याजवळ गेले. हळूच म्हटलं, "साहेब, ज्याची एवढी तारीफ केलीत ना, तो माझा कोड आहे."

ते गालातल्या गालात हसले. "पहिल्या ओळीलाच ओळखला मी. तेव्हाही चांगलाच होता गं. पण वर्षभरात तू माझ्या खुर्चीत बसली असतीस, म्हणून काढलं तुला."

 

मी त्यांच्या कॉलरकडे बोट दाखवलं. तिथला माईक मी अजून बंद केला नव्हता आणि समोर त्यांचंच अख्खं ऑफिस बसलं होतं.