शेवटची पन्नास नाणी

"काका, किंमत कमी होत नाही. टीव्हीवर दिसते तीच घेतो आम्ही," गीतांजली फोनवर म्हणाली, आणि तिचं बोलणं शेजारी बसून ऐकणाऱ्या शुभमने कपाळाला हात लावला. पुन्हा तोच म्हातारा!

टीव्हीवर नाणी विकणाऱ्या एका कंपनीचे फोन अकोल्याच्या या ऑफिसात येत. शुभम तिथला टीम लीडर. नाणं लक्ष्मीचं, चांदीचा मुलामा दिलेलं, सोबत लाल मखमली डबी. पडद्यावर चार हजार नऊशे नव्व्याण्णव ही किंमत खोडलेली आणि खाली 'आज फक्त चौदाशे नव्व्याण्णव'. वरच्या किमतीला ते नाणं कधी कोणी विकलं नव्हतं. ती किंमत जन्मालाच आली होती खोडून घ्यायला. खाली पट्टी फिरायची, 'शेवटची पन्नास नाणी शिल्लक'. वर्षभर पन्नासच शिल्लक होती.

म्हातारा दर्यापूरकडचा, झेंडू-शेवंती पिकवून बाजारात विकणारा. फुलबाजारात पहिल्या बोलीला कोणी माल उचलत नाही, त्यामुळे टीव्हीलाही तो एक दुकानच समजत होता. दर दोन-चार दिवसांनी दुपारी फोन करायचा आणि घासाघीस करायचा. दुसऱ्या मुलीने उचलला तर म्हणायचा, "पूजा मॅडमले द्या." फोनवर सगळ्यांनाच खोटी नावं असत. गीतांजलीची झाली होती पूजा.

"पाचशेत द्या," तो आज म्हणाला.

"नाही हो, काका. मर्यादित नाणी आहेत."

"मॅडम, संक्रांतीले बी पन्नासच उरले होते. तुमच्या घरी नानी अंडे घालते काय?"

गीतांजली हसली. ऐकता ऐकता शुभमलाही हसू आलं, पण त्याने ते दाबलं. हसून पगार निघत नाही.

"माल कोठून निघते तुमचा? कोन्या गावावून?" म्हाताऱ्याने विचारलं. हा त्याचा नेहमीचा प्रश्न.

"ते सांगायची परवानगी नाही, काका."

"बरं. जेवल्या का तुमी?"

"जेवले. तुम्ही उन्हात बसून बोलू नका. आत व्हा."

तिने फोन ठेवला तेव्हा शुभम खुर्ची ओढून जवळ आला. मुलगा वाईट नव्हता. गीतांजलीला सातवा महिना लागला होता, म्हणून स्वतःची गादीची खुर्ची त्याने तिला दिली होती. घरच्यांना न सांगता जिच्याशी लग्न केलं तो नवरा सोहम तिला रोज गाडीवर सोडून जाई आणि ती तीन जिने धापा टाकत चढे. मैत्रिणींनी "बाळंतपणाला माहेरी कधी?" असं विचारलं, की "इथंच बरं आहे" म्हणून ती हेडफोन चढवायची.

"ताई, परवाचं रेकॉर्डिंग वरच्या साहेबांनी ऐकलं," शुभम म्हणाला. "म्हातारा म्हणाला, धाप काहून लागली, आणि तुम्ही सातवा महिना लागला म्हणून सांगून टाकलं. गिऱ्हाइकाले आपला महिना कायले सांगा लागते?"

"त्यांनी विचारलं म्हणून."

"आणि त्याच्याआधी काय म्हणाल्या? नका घेऊ काका, चांदी नावालाच आहे! आपण विकाले बसलो का थांबवाले?"

तिने मान खाली घातली. "त्यांचे कष्टाचे पैसे आहेत, सर."

ते शुभमलाही ठाऊक होतं. त्याच्या आजीने असंच एक नाणं घेतलं होतं आणि सराफाने त्याचे चहापुरतेही पैसे देऊ केले नव्हते. म्हाताऱ्याची त्याला खरंच कीव यायची. एकटा जीव असेल बिचारा, दुपार खायला उठत असेल. पण वरून हुकूम आला होता.

"आता त्याचा फोन आला अन् विक्री नाही झाली, तर नंबर बंद. मंग त्याचा फोन इथं लागनार नाही. माह्या हातात नाही, ताई."

गीतांजलीचा चेहरा पडला. नोकरी गेल्यासारखी ती बसून राहिली. एका घासाघीशीसाठी इतकं काय वाईट वाटून घ्यायचं, हे शुभमला कळेना.

दोन दिवसांनी फोन आला. शुभमने हेडफोन लावला.

"हं मॅडम, आज काय भाव?"

"काका," ती म्हणाली. "तुम्ही काही घेतलं नाही तर उद्यापासून तुमचा फोन लागणार नाही. नंबर बंद करतात. पण घेऊ नका. ते नाणं तेवढ्याचं नाही."

पलीकडे मागे एक बाई हलक्या आवाजात काहीतरी विचारत होती. म्हणजे म्हातारा एकटा नव्हता.

"बांधा एक," म्हातारा म्हणाला.

"काका, चौदाशे नव्व्याण्णव पडतील."

"पडू द्या. भाव नाही करत आज."

शुभमने सुटकेचा श्वास सोडला. पण आनंद होईना. शेवटी म्हातारा फसलाच.

गीतांजलीने डोळे पुसले आणि रोजचा ठरलेला प्रश्न विचारला. "पार्सल कोणाच्या नावाने पाठवू?"

"गीतांजलीच्या."

शुभमने चमकून तिच्याकडे पाहिलं. ते नाव फोनवर कोणी कधी उच्चारलं नव्हतं. तिचे हात कीबोर्डवर तसेच राहिले.

"आणि पत्ता?" तिने कसंबसं विचारलं.

"तो तूच सांग, पोरी. सातव्या महिन्याची ओटी घेऊन तुही माय परवापासून इष्टीत बसाले तयार हाय, पन उतरावं कोन्या गावी, हे आमाले कोनी सांगूनच नाही राहिलं."