कुंपणावरचा टायर

चौथा चेंडूही धावफलकाच्या वरून पार झाला, तेव्हा लाइल ब्रॅडॉकने टोपी काढून डोकं खाजवलं. बेसबॉलच्या सामन्याआधीचा सराव होता हा. सरावात काय, कोणीही वाघ असतो. पण एकोणीस वर्षांचा वेल्किन पेर्दोमो ज्या आरामात एकेक चेंडू मैदानाबाहेर हाकलत होता, ते पाहून लाइलच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं आयोवातली धूळ खाल्ली ती या पोरासाठीच, असं त्याला वाटून गेलं.

पोरं पारखायची, हेच लाइलचं काम. मोठ्या शहरातला त्याचा संघ आपला एक भरवशाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा गडी, देऊन या पोराला घ्यायच्या बेतात होता. साहेबांनी बजावलं होतं, "सामना संपला की फोन कर. हो, नाहीतर नाही. यंदाही 'बघू या' म्हणालास, तर घरी बस आणि बघत राहा."

सामना सुरू झाला आणि सगळंच बिनसलं.

पहिल्याच खेपेला पिचरने ताटात वाढावा तसा चेंडू दिला. वेल्किनने तो सपाट मारला. धाड! उजवीकडच्या लाकडी कुंपणावर आदळला. दुसऱ्या खेपेला तसाच चेंडू, तसाच फटका, जवळपास तिथेच. जरा उचलला असता तर दोन्ही वेळा बाहेर गेला असता.

"सकाळचा नाश्ता संपला वाटतं पोराचा," शेजारी बसलेला दुसऱ्या एका संघाचा पारखी हसला, आणि आपलं सामान गोळा करून चालताही झाला.

लाइलला काही कळेना. पोरगा थकला? घाबरला? मनगट दुखतंय? जोर तर भरपूर होता, फळी हादरताना त्याने डोळ्यांनी पाहिली होती. मग उचलत का नाही मेला?

"थोडा डावीकडे, बाळा! थोडासाच!" मागच्या रांगेतून एक बाई ओरडली.

लाइल वळला. "काय डावीकडे, बाई?"

"टायर!" तिने बोट दाखवलं. कुंपणावर गुंथर टायरवाल्याची जाहिरात होती, तिच्यात एक काळा टायर रंगवलेला. "त्याला चेंडू थेट लागला की चार नवे टायर फुकट. माझ्या गाडीचे पार गुळगुळीत झालेत हो. वेल्किन माझ्याकडेच राहतो ना!"

अशा गावांत उन्हाळ्यात खेळाडूंना लोक घरोघरी वाटून घेतात. ही मार्लीन टिबेट्स म्हणजे वेल्किनची उन्हाळ्यापुरती आई.

"हिवाळ्यात मी पहाटे बर्फातून वृद्धाश्रमात कामाला जाते," ती म्हणाली. "त्याने आयुष्यात बर्फ पाहिलं नाही, पण काळजीने याचाच जीव अर्धा. म्हणे, मी घरी, सांतो दोमिंगोला, जायच्या आत टायर मिळवून देतो. आणि या मैदानावरचा शेवटचा सामना आजच."

"बाई, मी इथे कशाला बसलोय, ठाऊक आहे त्याला?"

"ठाऊक नसायला काय झालं? सगळ्या गावाला ठाऊक आहे, आणि त्याला मीच सांगितलं. म्हटलं, अरे मूर्खा, आज तरी बाहेर मार. ऐकेल तर शपथ!"

लाइल भडकला. नशीब दारात येऊन उभं आहे, आणि हा शहाणा टायर मारत बसलाय! पण लगेच दुसरा विचार आला आणि तो जास्तच गोंधळला. अंगावर येणारा चेंडू इतक्या लांबच्या एका टायरवर धाडायचा, आणि दोन्ही वेळा दोन-तीन हातांनीच चुकायचा. हे जमतं कुणाला? त्याने तरी आजवर पाहिलं नव्हतं. मग हा पोरगा देवाची देणगी म्हणायचा की ठार वेडा?

शेवटचा डाव आला. वेल्किनचा संघ एका धावेने मागे, दोघे बाद, तिसरा बाद झाला की खेळ खलास; धाव पुरी करायला दुसऱ्या बेसवर एक गडी टपलेला. आणि बॅट घेऊन वेल्किन. चेंडू कुंपणापार गेला की सामना तिथेच जिंकला. सगळं मैदान उभं राहिलं. मार्लीनही बाकावर चढून ओरडली, "टायर गेले खड्ड्यात! बाहेर मार, बाहेर!"

चेंडू आला आणि वेल्किनने तो सपाट मारला. चेंडू जाऊन बसला टायरच्या बरोब्बर मध्यावर, आणि इतक्या जोराने की उसळून थेट क्षेत्ररक्षकाच्या हातात परत. त्याने तो तसाच घरच्या बेसवर, जिथे धाव पुरी होते तिथे, फेकला. दुसऱ्या बेसवरून धावत सुटलेला गडी पोचायच्या आत बाद झाला. सामना गेला.

लोक शिव्या देत उठले. प्रशिक्षकाने पाण्याची बादली लाथेने उडवली. वेल्किन मात्र पहिल्या बेसवर उभा राहून मार्लीनला हाताची चार बोटं दाखवत होता, सगळे दात बाहेर काढून.

मार्लीन ओंजळीत तोंड खुपसून रडत होती. "गाढव आहे हो," ती लाइलला म्हणाली. "एक नंबरचं गाढव!"

लाइल तिकिटाच्या खिडकीशेजारच्या फोनपाशी गेला. काय सांगायचं ते त्याचं त्यालाच माहीत नव्हतं.

"बोल," साहेब म्हणाले.

"घ्या त्याला." शब्द तोंडातून निघून गेले आणि लाइल स्वतःच दचकला.

"अरे वा! जिंकले म्हणायचे?"

"हरले. शेवटचा फटका त्याचाच होता."

"मग घ्या काय म्हणतोस, शुद्धीवर आहेस ना? मोक्याला कच खातो पोरगा."

लाइलने कपाळावरचा घाम पुसला.

"कच नाही खात, साहेब. पण मोका कुठला, ते तो आपल्याला विचारून ठरवत नाही."