घरची वाळवी

बेडरूमच्या चौकटीवर वाळवीने चढवलेली मातीची रेघ तिने पट्टीने मोजली. सत्तावीस सेंटीमीटर. गेली चार वर्षं दर वर्षी याच जागी फवारणी होत होती. फवारणारा तिचा धाकटा दीर, त्याचा धंदाच तो. दर वेळी तो छातीठोकपणे सांगायचा, "जुनी केव्हाच मेली, वहिनी. ही नवीन आलीय, बाहेरून." दुसऱ्या कुणाला बोलवायचा विषय काढला, की सासूबाई म्हणायच्या, "त्याला वाईट वाटेल गं." नवरा मोबाइलमध्ये डोकं घालायचा. चौकट मात्र आता बोट लावलं तरी भुगा सांडत होती.

डीएनएतल्या खुणांवरून कुठली वाळवी कुठल्या वारुळातली हे ओळखणं, हे तिचं प्रयोगशाळेतलं रोजचं काम. दर वर्षी चौकटीतले चार-पाच किडे तिने कुपीत जपून ठेवले होते. या वेळी तिने सगळ्या कुप्या तपासल्या आणि रविवारी सगळ्यांसमोर दिराच्या हातात निकालाचा कागद ठेवला.

"भाऊजी, चार वर्षांपूर्वी तुम्ही मारलेली वाळवी आणि आजची वाळवी एकाच कुटुंबातली आहे. तुमच्या औषधाने तिच्या केसालाही धक्का लागलेला नाही."

त्याने कागद उलटसुलट करून पाहिला आणि हसत आईकडे वळला. "ऐकलंस ना आई? बाहेरची नाहीच ती. आपल्या घरचीच आहे."

सासूबाई हसल्या. नवराही हसला.

 

"म्हणूनच भाऊजी," ती म्हणाली, "या वेळी माणूस मी बाहेरचा बोलावलाय."