सव्वीस अंश

माझे वडील, नाना, गेल्यावर त्यांची जिवंत प्रवाळांची टाकी नगरला सावेडीच्या फ्लॅटमध्ये आईपाशी राहिली. पाणी गार पडलं तर प्रवाळ टिकत नाहीत, म्हणून मी रोज संध्याकाळी पुण्याहून फोन करून आईला थर्मामीटर वाचायला लावायचे. मग बरीच चौकशी करून भरवशाचा हीटर आणि कंट्रोलर बसवून घेतला. तापमान माझ्या मोबाईलवर दिसू लागलं, आणि रोज फोन करायची गरज उरली नाही.

थंडी सुरू झाली तसा संध्याकाळी मोबाईलवर पाणी गार झाल्याचा अलार्म वाजायला लागला. मी घाबरून आईला फोन करायचे. बोलता बोलता आकडा परत सव्वीसवर यायचा.

"आई, तू वायरीला हात लावतेस का?"

"मी कशाला लावू? तुझं मशीनच लई नाजूक हाय. बरं, फोन केलाच हायेस तर जेवलीस का ते सांग."

"जेवणाचं राहू दे. आकडा किती दिसतोय?"

शेवटी दुसरा, आणखी चांगला कंट्रोलर घेऊन मी न कळवताच नगरला आले. माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं. आई टाकीपाशी पाठमोरी उभी होती. पाणी उगाच तापू नये म्हणून तिने आधी हीटरचा प्लग काढला. मग तापमान मोजणारा सेन्सर पाण्यातून वर गार हवेत काढला, पदराने पुसला आणि मोबाईल मांडीवर घेऊन खुर्चीत बसली.



माझ्या पर्समध्ये अलार्म वाजला, आणि मी हातातलं नव्या कंट्रोलरचं खोकं पाठीमागे लपवलं.