अंगतपंगत

मानवी हक्क दिनाला सातवीच्या वर्गात उज्वला मॅडमनी अंगतपंगत ठेवली. "घरचंच आणा आणि एकमेकांच्या डब्यातलं खा. सगळे सारखे, हे नुसतं पाठ करून कळत नाही."

मुलं गोल करून बसली. पल्लवी तेवढी मागच्या खिडकीजवळ, आपल्या बाकावर एकटीच. पुढ्यात बिस्किटाचा पुडा.

मॅडम वैतागल्या. "घरचं आणा म्हटलं होतं ना? तुमच्या पेठ तालुक्याकडची नागलीची भाकरी तरी आणायचीस!"

"आणली होती, मॅडम. जूनमध्ये. सुकटीच्या चटणीबरोबर. वास येतो म्हणून तुम्ही मला इथं बसवलं."

मॅडमना आठवलं. त्यांचा आवाज खाली आला. "अगं, ते त्या एका दिवसापुरतं होतं."

"परत ये म्हणून तुम्ही सांगितलंच नाही, मॅडम."